तिसरी माफी

वासरू अडकलंय, असंच मला वाटलं.

एलुल महिन्यातली, म्हणजे आम्हा ज्यूंच्या नव्या वर्षाच्या आदल्या महिन्यातली सकाळ होती. धुकं अजून डोंगरावरून पुरतं उतरलं नव्हतं. कॉफीच्या पानांवरून रात्रीच्या पावसाचं पाणी टिपटिप गळत होतं. मळ्याच्या पार टोकाला, कुणाच्या कानावर काही जाणार नाही अशा जागी उभं राहून मी प्रार्थनेची पहिली ओळ म्हटली, आणि तेवढ्यात पलीकडून आवाज आला. भें... मग नुसतीच हवा. मग पुन्हा भेंऽऽ! जनावराचा गळा दोरीत आवळला जावा तसा. मी झगा खोचला आणि ओल्या फांद्या बाजूला सारत धावले.

वासरू नव्हतं. एक उंच तरुण होता. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले आणि ओठांना मेंढ्याचं शिंग.

"काय चाललंय काय?" मी ओरडले.

त्यानं शिंग झटकन पाठीमागे लपवलं. "कुठं काय?"

"मला वाटलं, आमचं वासरू मेलं."

"मेलं नाही गं," तो धापा टाकत म्हणाला, "आत्ताच जन्मलंय. थोडे दिवस दे, चालायला लागेल."

मला हसू आलं, ते मी ओठातच दाबलं. अनोळखी माणसापुढे एकदम हसू नये, असं आई सांगते.

"आणि तू काय करतेयस इथं?" त्यानं विचारलं.

"कॉफी तोडतेय."

त्यानं माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. "टोपलीशिवाय?"

मी हात झग्याआड लपवले.

"रोज ऐकतो मी तुला," तो हळूच म्हणाला. "पहिली ओळ फार सुरेख म्हणतेस. दुसरी ऐकायची म्हणून थांबून राहतो... ती काही येत नाही."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, कारण ते खरं होतं.

त्याचं नाव एल्काना. राहणारा खाली नामुतुंबाकडच्या सपाटीवरचा. आमच्या सोसायटीनं कॉफीची फळं सोलायचं नवं यंत्र घेतलं होतं, ते बसवून द्यायला आला होता. आता यंत्र बसवायला आलेल्या माणसाच्या हातात देवाचं शिंग कसं आलं? तर त्याला कारण झकायोकाका. वर्षानुवर्षं आमच्या टेकडीवर शिंग वाजवायचे ते काका, आणि यंदा ऊस सोलताना त्यांचे पुढचे दात उसातच राहिले. दाताशिवाय शिंग वाजत नाही. काकांनी तरण्या पोरांत सगळ्यात रुंद छाती कुणाची ते पाहिलं आणि हा पाहुणा आयताच सापडला. एलुलभर सकाळच्या प्रार्थनेनंतर शिंग वाजवायचं असतं. गावासमोर शोभा व्हायच्या आधी निम्मी तरी एकट्यात होऊन जावी, म्हणून तो पहाटे मळ्यात यायचा.

"तुम्हा सपाटीवरच्या लोकांना चढ चढताना दम लागतो," मी म्हटलं. "शिंगाला कुठून पुरणार?"

"आणि तुम्हा टेकडीवरच्या लोकांना बोलायला एवढा दम पुरतो, मग दुसऱ्या ओळीलाच का संपतो?"

मी पाय आपटत निघाले. दुसऱ्या दिवशी मात्र टोपली घेऊन गेले. आणि केस विंचरून.

*

माझी गोष्ट त्याच्याइतकी गमतीची नव्हती.

बाबा आमचे हज्जान. म्हणजे सगळ्या गावाच्या वतीनं देवापुढे उभं राहून प्रार्थना म्हणणारे. किप्पूरच्या, म्हणजे वर्षभराच्या चुकांची माफी मागायच्या उपासाला, भर दुपारी, जेव्हा माणसं भुकेनं आणि पश्चात्तापानं अर्धी झालेली असतात, तेव्हा हज्जान आपली एकट्याची प्रार्थना म्हणतो. आमच्याकडे ती पुढे उभं राहून म्हणायची नसते. पाठीमागच्या दारातून सुरू करायची आणि म्हणत म्हणत सगळ्यांमधून चालत पुढे जायचं. लहानपणी मी ते डोळे विस्फारून बघायचे. पांढरा अंगरखा, खांद्यावर शाल, आणि बाबा एकेका बाकाच्या टोकाला हात लावत, जणू आशीर्वाद देत, हळूहळू चाललेत. "सिंह निघाला," झकायोकाका म्हणायचे.

त्या सिंहाच्या गळ्यात गाठ आली. मोठ्या इस्पितळात ती काढली. डॉक्टरांनी बजावलं, "हळू बोला, कमी बोला, आणि गाणं तर नाहीच. जोर दिलात तर आवाज कायमचा जाईल. आतली जखम उघडली तर जिवावर बेतेल."

पुढच्याच शनिवारी, शब्बाथच्या प्रार्थनेला, बाबा सगळ्यांसमोर उभे राहिले, गळ्याला पट्टी, आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाले, "किप्पूरला माझी सिपोरा म्हणेल."

गळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी होकाराची मान हलवली, पण मनात नाहीच होतं.

कारण मी याआधी एकदा उभी राहिले होते. बारा वर्षांची होते तेव्हा, तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचायला. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला मान वर केली, माणसं दिसली... आणि आवाज गेला. तोंड उघडं, आवाज नाही. मी दारातून जी पळाले ती थेट कॉफीत जाऊन बसले. त्यानंतर आमच्या गावात कुणी भरल्या कार्यक्रमातून उठून गेलं की लोक म्हणतात, "झाली याची सिपोरा!" माझं नाव म्हणीत गेलं. मोठी माणसं मेल्यावर जातात, मी बाराव्या वर्षीच गेले.

आता बाविसाव्या वर्षी सगळ्या चाली पाठ होत्या, सगळे शब्द पाठ होते. स्वयंपाकघरात मी सबंध प्रार्थना न अडखळता म्हणायचे. पण उभं राहून, मोठ्यानं... दुसरी ओळ येतच नव्हती.

*

"सौदा करू," एल्काना म्हणाला. "तू माझं वासरू ऐक, मी तुझी दुसरी ओळ ऐकतो."

"आणि हसायचं नाही."

"तू हसायचं नाहीस. मी कशाला हसू? मला तर पहिल्याच ओळीला रडू येतं."

"इतकं वाईट म्हणते?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्त वेळच पाहिलं. "वाईट म्हटलं की रडू येतं, असं कुणी सांगितलं तुला?"

मी वाकून कॉफीची लाल फळं तोडायला लागले. हिरवीही तोडली, मागाहून कळलं.

आमच्या सकाळी अशा सुरू झाल्या. मी फळं तोडायची, तो शिंगात फुंकायचा. वासरू उभं राहिलं, चालायला लागलं, एके दिवशी तर चांगलं हंबरलंसुद्धा. मी टाळ्या वाजवल्या. तो इतका खूश झाला की टायरच्या चपला चिखलात सोडून अनवाणीच नाचला. मला दुसरी ओळ सापडली, मग तिसरी. पण तो पाठमोरा बसला तरच. त्यानं तोंड माझ्याकडे फिरवलं की माझा गळा बंद.

"किप्पूरला सगळ्या गावाला भिंतीकडे तोंड करून बसायला सांगू," तो म्हणायचा.

आईनं एकदा चुलीपाशी विचारलंच, "कॉफी तोडायला जाताना केसांना तेल कधीपासून लावायला लागलीस?"

"पानं अडकतात, आई."

"हं. उंच पानं असतील."

नवं वर्ष आलं. त्या दिवशी प्रार्थना म्हणायला पलीकडच्या टेकडीवरचे हज्जान आले होते, पण किप्पूरला ते आपल्या माणसांना सोडून येणार नव्हते. एल्कानाचं शिंग चाललं. दोनदा घसरलं, पण चाललं. झकायोकाकांनी बोळक्या तोंडानं त्याला मिठी मारली. सगळे मधात बुडवलेलं फळ खात होते, गोड वर्षाच्या शुभेच्छा देत होते, आणि माझ्या घशाखाली मधसुद्धा उतरेना. आता दहाव्या दिवशी किप्पूर, आणि माझी पाळी.

मग तो दिवस. मळ्यात मी उभी राहिले, डोळे मिटले. ओळ आठवली, सूर आठवला... आणि मग माणसं आठवली. बोटं गार पडली. छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं झालं. श्वास अर्ध्यातूनच परत फिरायला लागला. मी तशीच खाली बसले, गुडघ्यात डोकं घालून. बाजूला जाऊन उलटीही केली.

एल्काना पाण्याची बाटली घेऊन आला. जवळ नाही बसला, हातभर अंतरावर बसला.

"असं रोज होतं?" त्यानं विचारलं.

"बाबांना सांगू नकोस. त्यांना वाटतंय, सगळं छान चाललंय. मी मागे हटले ना, तर ते स्वतः उभे राहतील. ओळखते मी त्यांना."

तो पायाजवळच्या ओल्या मातीकडे बघत राहिला. मला ते हो वाटलं.

*

त्याच संध्याकाळी बाबांनी मला हाक मारली. हाक म्हणजे काय, भांड्यावर चमचा वाजवला.

"किप्पूरला मीच उभा राहीन," ते म्हणाले.

"बाबा! डॉक्टर..."

"डॉक्टरांनी त्यांचं काम केलं. तुझा जीव टांगणीला लावून मी बाकावर बसून राहू? एल्काना सांगून गेला. चांगला मुलगा आहे."

चांगला मुलगा! मी तशीच सोसायटीच्या शेडकडे धावत सुटले. यंत्र धडधडत होतं, लाल सालींचा ढीग पडला होता, दहा-बारा जण काम करत होते. त्या आवाजात ऐकू जावं म्हणून मी सगळा जीव एकवटून ओरडले, "तुझ्यावर विश्वास ठेवला, तेच चुकलं माझं!"

आणि नेमकं त्याच क्षणी कुणीतरी यंत्र बंद केलं.

सगळी शेड माझ्याकडे बघत होती. एल्कानाच्या हातातला पाना तसाच राहिला.

"आवाज आहे की हिला," कुणीतरी पुटपुटलं.

"सिपोरा, मला वाटलं, तुझे बाबा दुसरं कुणीतरी बघतील," एल्काना म्हणाला. "मला वाटलं, तुझी सुटका होईल. ते स्वतः..."

"मी सांगितलं होतं तुला! सांगितलं होतं ना?"

त्यानं मान खाली घातली. मी तशीच परत फिरले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आधी मला माझी भीती होती. आता बाबांच्या गळ्याची.

*

किप्पूरच्या आधी ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्या दारी जाऊन माफी मागायची असते. देव देवाविरुद्ध केलेलं माफ करतो. माणसाचं माणसानंच करावं लागतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी एल्काना दारात उभा राहिला, यात नवल नव्हतं. त्याच्या खांद्यावर भलामोठा फणस होता.

"माफी मागायला आलोय."

"फणस घेऊन?"

"म्हटलं, बाहेरून काटे असले तरी आत काय असतं ते तुला आठवावं."

आई आतून खोकली. तो खोकला नव्हता, हसू होतं.

"नाही केलं माफ," मी म्हटलं. "फणस ठेव."

तो फणस ठेवून गेला. मी दार लावलं आणि फटीतून तो पार वळणापर्यंत जाईस्तोवर बघत राहिले. राग होता. खरंच होता. पण रागानं कुणी फटीतून बघतं का?

बाबांशी मी रोज भांडत होते. "मी म्हणेन." "तू आजारी पडशील." "तुम्ही मराल!" आई मध्ये पडायची आणि दोघांना केळी सोलायला बसवायची. शेवटी बाबा एवढं कबूल झाले, की मी सुरुवात करायची, ते पुढच्या बाकावर शाल पांघरून बसतील. मी अडले, तर ते उठतील.

म्हणजे माझ्या प्रत्येक थांबण्यागणिक आता बाबांचा आवाज पणाला लागणार होता. मला धड झोप येईना.

उपासाच्या आदल्या सकाळी एल्काना झऱ्यावर भेटला. मी घागर भरत होते. आज फणस नव्हता, आणि तोंडावरचं ते खोडकर हसूही नव्हतं.

"दुसऱ्यांदा मागतोय," तो म्हणाला. "तुझी भीती तुझी होती. ती दुसऱ्याच्या हातात द्यायचा मला हक्क नव्हता. चुकलो मी."

आता खरं तर माफ करायला हरकत नव्हती. राग केव्हाच विरला होता. पण त्यानंच पुढे सांगितलं, की यंत्राचं काम संपलंय, सण झाला की तो नामुतुंबाला परत जाणार. आणि माझ्या मनात आलं... माफ केलं, की हा कोणत्या कारणानं येईल माझ्याकडे?

"नाही," मी म्हटलं.

तो चमकला. मग माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिला. "तिसऱ्यांदा नाही म्हणालीस तर पाप तुझ्या माथी. नियम आहे."

"नियम मला नको शिकवू. हज्जानची मुलगी आहे मी."

"मग तिसरी राखून ठेवतो." त्यानं घागर उचलून माझ्या डोक्यावर ठेवली. बोटं क्षणभर कानाला लागली. "उद्या... मी दुसऱ्या ओळीची वाट बघतोय."

घागर घरी पोचेपर्यंत निम्मी सांडली होती.

*

उपासाआधीचं जेवण लवकर असतं. शेंगदाण्याच्या रश्शातली कोंबडी आणि वाफवलेली केळी समोर होती. जेवणानंतर बाबांनी मला अंगणात बोलावलं.

"आधी तू मला माफ कर," ते हळू आवाजात म्हणाले. "तुला न विचारता सगळ्यांत तुझं नाव घेतलं."

"बाबा, असं नका ना म्हणू."

"म्हण, माफ केलं."

"केलं."

"बघ, तुला येतं की माफ करायला." त्यांचे डोळे हसले. म्हणजे फणस, झरा, सगळं घरात ठाऊक होतं! मी लाजून खाली बघितलं.

मग ते थांबत थांबत बोलले. हुकूमशहा अमीनच्या राज्यात आमच्या लोकांना प्रार्थना करायची बंदी होती. प्रार्थनाघराला कुलूप. आजोबा घरातच दारं लावून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून प्रार्थना करायचे, आणि बाबांना दाराशी राखणीला बसवायचे. "तेरा-चौदा वर्षांचा होतो मी. रस्त्यानं सैनिकांची गाडी गेली की दात वाजायला लागायचे. एकदा तुझ्या आजोबांना म्हटलं, मला यातून काढा, मी भित्रा आहे. ते म्हणाले, राखणीला भित्राच हवा. न घाबरणारा झोपून जाईल."

मला हसू आलं आणि रडूही आलं. "पण मोठेपणी तुम्ही कधी घाबरला नाहीत."

बाबांनी उत्तर दिलं नाही. माझ्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि ओठ हलवून आशीर्वाद दिला. आवाज नव्हता. बहुधा आजोबांनी तसाच दिला असेल त्यांना.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाठीमागच्या दारात उभी होते.

आत सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत बसलेलं. पत्रा तापून तडतडत होता. कालपासून पोटात अन्न नाही, पाणी नाही. बाबांची शाल माझ्या खांद्यावर, तिला त्यांच्या साबणाचा वास. पुढच्या बाकावर त्यांची पाठ दिसत होती. भिंतीपाशी, खिडकीखाली, एल्काना. तो मान खाली घालून पुस्तकात बघत होता. मला कळलं, मुद्दामच.

मी पहिली ओळ म्हटली. ती आली. ती नेहमीच येते.

दोन पावलं टाकली. दुसरी ओळ... आली! कापरी, पण आली. मी मधल्या वाटेवर आले. आणि मग माणसं वळून बघायला लागली. एक डोकं, मग दुसरं, मग सगळी. शाळेतल्या माझ्या मैत्रिणी. शेडमधले लोक. झकायोकाका, तोंड उघडं टाकून.

आणि गळा बंद झाला.

शब्द होते. सूर होता. आवाज नव्हता. मागे दार उघडं होतं. पाय वळायलाच लागले होते. पुढे बाबांची पाठ हलली. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. ते उठत होते.

माझे पाय लटपटले. पडू नये म्हणून मी हात टाकला, तो जवळच्या बाकाच्या टोकावर पडला.

लाकूड गुळगुळीत होतं. नुसतं गुळगुळीत नाही, झिजून खोलगट झालेलं. माझा तळवा त्यात नेमका बसला. बाकीचा बाक खडबडीतच होता, रंध्याचे ओरखडेही गेले नव्हते. मी एक पाऊल टाकलं आणि पुढच्या बाकाला हात लावला. तिथंही तसंच. त्याच्या पुढच्यालाही.

हा आशीर्वाद नव्हता! कुणी आशीर्वाद देताना लाकूड झिजवत नाही. हे धरणं होतं. घट्ट, सगळा भार टाकून. दर किप्पूरला आमचा सिंह या बाकांना धरून धरून, लटपटत्या पायांनी पुढे गेला होता. मोठेपणी तुम्ही घाबरला नाहीत, असं मी काल म्हटलं तेव्हा ते गप्प का राहिले, ते मला आत्ता कळलं. आणि ती प्रार्थना! तिचे शब्द तरी काय आहेत? मी रिकाम्या हातानं आलोय, थरथरतोय, भ्यायलोय, तरी या माणसांसाठी उभा राहिलोय. इतकी वर्षं मी ते पाठ म्हणत होते. मला वाटायचं, म्हणायची पद्धत आहे ती. बाबा तर जे होत होतं तेच सांगत होते.

मी थरथर लपवायचं सोडून दिलं. तिसरी ओळ म्हटली. आवाज कापत होता, फाटत होता, पण निघत होता. बाक धरत, बाक सोडत मी पुढे चालले. बाबांचे हात गुडघ्यांवरून सुटले. ते पुन्हा मागे टेकून बसले.

त्यांच्याजवळ पोचले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझ्या हाताकडे पाहिलं. बाकावर ठेवलेल्या. मग डोळे मिटून घेतले, आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं.

त्या दिवशी स्वर्गाची दारं मिटण्याआधीच्या शेवटच्या प्रार्थनेपर्यंत मी उभी होते. गळा बसला, तरी उभी होते.

सूर्य डोंगराआड गेला. आता फक्त शिंगाचा एक लांब सूर, आणि उपास संपणार. एल्काना माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं शिंग ओठांना लावलं, फुंकलं.

नुसती हवा.

पुन्हा फुंकलं. हवाच. दिवसभराच्या उपासानं ओठ सुकून गेले होते. सगळं गाव श्वास रोखून उभं. त्याची नजर दाराकडे वळताना मला दिसली, आणि इतका जवळचा वाटला तो... मी शालीच्या आडून, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "वासरू."

त्याला हसू फुटलं. ओठ सैल झाले. आणि मग जो सूर निघाला, तो पत्र्याला भिडला, खिडक्यांतून बाहेर पडला, मळ्यावरून खाली उतरत गेला. संपता संपेना. सपाटीवरच्या माणसाचा दम!

*

बाहेर आल्याचा चहा उकळत होता. झकायोकाका माझ्याजवळ आले. "पळाली नाहीस, पोरी."

"दार मागे राहून गेलं, काका."

आमच्यात उपास सुटला की त्याच संध्याकाळी पुढच्या सणाच्या मांडवाची पहिली खुंटी ठोकतात. मी आणि आई घरी आलो तर अंगणात बाबा खुंटी धरून बसले होते आणि एल्काना दगडानं ठोकत होता. त्याला कुणी बोलावलं, ते विचारायची गरज नव्हती.

"उरलेल्या खुंट्या कोण ठोकणार?" बाबा हळू आवाजात म्हणाले. "मला तर डॉक्टरांनी जोर लावू नको म्हणून सांगितलंय." आजवर डॉक्टरांचं एक अक्षर न ऐकलेले बाबा! मग चहा थंड होईल असं काहीतरी पुटपुटत ते आत गेले.

एल्काना उठून उभा राहिला. मी दारात होते. मध्ये अख्खं अंगण होतं, आणि धरायला एकही बाक नव्हता.

मी चालत गेले.

"तिसऱ्यांदा," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "माफ केलंस, सिपोरा?"

"नाही."

त्याचा चेहरा पडला. "अगं, पण आता पाप..."

"माझ्या माथी. येऊ दे." माझं काळीज इतकं धडधडत होतं की शब्द अडखळत होते. तरी ते मी म्हटले, एकेक करून, मोठ्यानं. "पुढच्या किप्पूरपर्यंत वर्ष आहे. तू इथं असशील तर... मिळून फेडू."

एल्कानानं हातातला दगड खाली टाकला. त्यानं हात पुढे केला. मी माझा त्यात ठेवला.

"थरथरतोय तुझा," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं. "तसाच धर."